कमानीमागचा मुलूख

ज्या वस्तूच्या मुळाशी अन्याय आहे तिचे सौंदर्य पाहून मनास आनंद होऊ द्यावा की नाही, हा प्रश्न नवा नाही. पिरॅमिडांपुढे उभे राहून पुष्कळांनी तो विचारला असेल, आणि बहुतेकांनी उत्तराची वाट न पाहता पुढचा मुक्काम गाठला असेल. आम्हीही आजवर त्याच्या वाटेस फारसे गेलो नव्हतो. परंतु गेल्या हिवाळ्यात आमचा एक भाचा, जो स्थापत्याचे शिक्षण घेत आहे, आम्हांस शहापुराहून मुंबईस घेऊन गेला. एक संबंध दिवस त्याने आम्हांस बोरीबंदरचे स्थानक, महापालिकेची इमारत, विद्यापीठाचा मनोरा, उच्च न्यायालय अशा एकेका वास्तूपुढे उभे केले. हा खांब कोणत्या घाटाचा, ती कमान कोठून उचललेली, हे तो अशा उमाळ्याने सांगत होता की, उन्हाचा त्रास आम्हांस घरी आल्यावरच जाणवला. संध्याकाळी अपोलो बंदरावर कठड्याशी बसलो असता तो एकाएकी गप्प झाला. मग म्हणाला, "मामा, हे सगळं मला फार आवडतं. पण ज्यांनी आपल्याला दीडशे वर्षं दाबून ठेवलं त्यांचंच हे. मग आवडतं याची लाज वाटायला हवी का?"

त्या वेळी आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. परतीच्या गाडीत मात्र टोचणी लागली, ती अद्याप गेलेली नाही. पुढील विवेचन म्हणजे त्या मुलास द्यावयाचे राहून गेलेले उत्तर होय. आणि ते शहापुरास बसून लिहिलेले आहे, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे. आम्ही जन्माने शहापूर तालुक्याचे, आजोळ मुरबाडाकडले. आमच्या बाजूचा मनुष्य मुंबईत समुद्रावरून शिरत नाही. तो आसनगावास अथवा आटगावास गाडीत बसतो आणि शहराच्या मागील दाराने आत येतो. ज्याने एखादे घर नेहमी मागील दारानेच पाहिले, त्यास पुढल्या ओसरीचा थाट थोडा निराळाच दिसतो.

प्रथम पुढल्या ओसरीविषयी. इमारतीचे तोंड कोणीकडे आहे हे पाहिले म्हणजे ती कोणासाठी बांधली याचा अर्धा उलगडा होतो. मुंबईचा टाउन हॉल १८३३ साली पुरा झाला. त्याच्या ग्रीक घाटाच्या खांबांपुढील रुंद पायऱ्या चढताना मनुष्य आपोआप लहान होत जातो. त्या काळी किल्ल्यास तट होता. १८६० नंतर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत तो पाडण्यात आला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाच्या व्यापारात पैशाचा पूर आलेला होताच. आणि मोकळ्या झालेल्या मैदानाच्या कडेने सचिवालय, विद्यापीठ, उच्च न्यायालय अशी गॉथिक घाटाच्या इमारतींची रांग उभी राहिली. सचिवालय १८७४ चे, न्यायालय १८७८ चे. आज या रांगेपुढे मैदान आहे, आणि मैदानापलीकडे समुद्रात भर घालून वसविलेली घरे आहेत. म्हणून या इमारतींनी पश्चिमेस तोंड का केले, हे नवख्यास समजत नाही. त्या बांधल्या त्या वेळी पलीकडे बॅकबेचे पाणी होते. समुद्रावरून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत कारभार, विद्या आणि न्याय ही तिन्ही एकदम भरावीत, अशी ती मांडणी होती.

या रांगेची बोली विलायती देवळांची. विसाव्या शतकाच्या आरंभी सत्तेने पोशाख बदलला. अपोलो बंदरावरील कमान जॉर्ज विटेट यांनी गुजरातेतील सोळाव्या शतकाच्या मुसलमानी घाटावर बेतली. वंगभंगाच्या चळवळीनंतर परक्या राजास एतद्देशीय वेषात उभे करणे शहाणपणाचे ठरले असावे, असा आमचा तर्क आहे. तो चुकीचा असल्यास जाणकारांनी क्षमा करावी. गंमत अशी की, ज्याच्या स्वागताप्रीत्यर्थ ही कमान, तो पंचम जॉर्ज १९११ च्या डिसेंबरात तेथे उतरला तेव्हा दगड नव्हताच. पुठ्ठ्याची तात्पुरती कमान उभी करून भागविले होते. दगडी काम १९२४ साली पुरे झाले, आणि तो राजा पुन्हा काही आला नाही. त्या कमानीखालून झालेले सर्वांत स्मरणीय प्रयाण बाहेर जाणाऱ्यांचे ठरले. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची अखेरची तुकडी तेथूनच निघून गेली.

एवढे सांगून झाले म्हणजे पुष्कळ लेखक थांबतात. दगड ही सत्तेची दवंडी होय, असा निकाल ते देतात आणि पुरावा म्हणून बोरीबंदरच्या फाटकाकडे बोट दाखवितात. तेथे एका खांबावर सिंह व दुसऱ्यावर वाघ बसविला आहे. सिंह म्हणजे इंग्लंड आणि वाघ म्हणजे हिंदुस्थान. दोघे सारख्याच उंचीवर बसले आहेत हे खरे, पण वाघास विचारून कोणी बसविले नव्हते, हेही खरे. हे वाचन खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. ते अपुरे आहे. त्यात दोन गोष्टी बसत नाहीत, आणि त्या दोन्ही आमच्या भाच्याच्या प्रश्नाशी जवळच्या आहेत.

पहिली गोष्ट कारागिरांची. रस्किनने १८५३ साली प्रसिद्ध झालेल्या व्हेनिस नगरीवरील ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात असे प्रतिपादन केले आहे की, गॉथिक कामाचे मोल त्याच्या सुबकपणात नसून, घडविणाऱ्या हातास आपल्या बुद्धीने काही करण्याची मोकळीक त्यात असते यात आहे. हा न्याय मुंबईच्या गॉथिकास लावता येईल काय? परक्यांच्या हुकमतीखाली चाललेल्या कामात कसली मोकळीक, असे आम्ही एरवी म्हटले असते. परंतु बोरीबंदरच्या स्थानकाचा आराखडा जरी फ्रेडरिक स्टीव्हन्स यांचा, तरी तेथील कोरीव काम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी, प्राचार्य जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली केले. काम १८७८ पासून दहा वर्षे चालले. खांबांच्या माथ्यांवर जी पाने, पाखरे व जनावरे आहेत ती त्या विद्यार्थ्यांच्या हातची. भाच्याने पानांत दडलेले एक पाखरू आम्हांस शोधावयास लाविले. पुष्कळ वेळ मान वर करून पाहिल्यावर ते सापडले. ते ज्याने कोरले त्याचे चित्त त्या घटकेस राणीच्या राज्यात नसून पाखराच्या मानेच्या बाकात होते, याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. विद्यापीठाच्या मनोऱ्यास राजाबाई हे नाव आहे, ते कापसाचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या मातोश्रींचे. आराखडा विलायतेतील सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. ते मुंबईस कधी आलेही नाहीत. कारागीर येथले, द्रव्य एका गुजराती व्यापाऱ्याचे, नकाशा टपालाने आलेला. आता ही इमारत कोणाची म्हणावी? महापालिकेच्या कारभारातही निम्मे सभासद करदात्यांनी निवडलेले असत, आणि सर फिरोजशहा मेहता यांच्यासारखे पुढारी तेथे इंग्रज अधिकाऱ्यांस ऐकून घ्यावयास लावीत. तेव्हा बंदरावरील सत्ता म्हणजे एकट्या गोऱ्यांची सत्ता असे समजणे सोपे असले तरी बरोबर नाही. ती एक भागीदारी होती, आणि वरचष्मा कोणाचा हे ठरलेले असले तरी भागीदारांस आपला वाटा दिसत होता. त्यांस तो दिसावा म्हणूनच तर एवढे कोरीव काम.

येथवर आल्यावर भाच्यास असे सांगता येईल की, बाबा रे, त्या पाखरावर तुझा जीव जडला असेल तर लाज वाटून घेऊ नकोस. ते तुझ्याच आज्या-पणज्यांपैकी कोणाच्या तरी हातचे आहे. पण एवढ्याने तो प्रश्न संपत नाही. सत्ता जर सिंहात नाही आणि पाखरात नाही, तर ती राहते कोठे, हे शोधावयास मागील दाराने बाहेर पडावे लागते.

१८५३ च्या एप्रिलात मुंबईहून ठाण्यास आगगाडी निघाली. वासिंदपर्यंत ती १८५५ साली आली, आसनगावास १८६० साली, आणि १८६१ च्या पहिल्या दिवशी कसाऱ्यास पोहोचली. थळ घाट चढून ती पलीकडे गेल्यावर खानदेश-वऱ्हाडचा कापूस आमच्या दारावरून बंदरास जाऊ लागला. आमच्या स्वतःच्या मुलखातून गेले ते लाकूड, कोळसा आणि गवत. मुंबईच्या घोड्यांनी व तबेल्यांतील म्हशींनी ठाणे जिल्ह्याच्या माळांवरचे किती गवत खाल्ले असेल याचा हिशेब आता कोण करणार! १८७८ च्या जंगल कायद्याने राने राखीव होऊ लागली, तेव्हा ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील गाऱ्हाणी इतकी वाढली की, १८८५ साली सरकारास त्यांच्या चौकशीसाठी कमिशन नेमावे लागले. कातकरी-ठाकरांस त्यामुळे किती सुख झाले हा प्रश्न निराळा.

परंतु या सर्वांहून मोठी वस्तू जी गेली ती पाणी. मुंबईस १८६० च्या सुमारास विहार तलावाचे पाणी मिळाले, १८७९ साली तुळशीचे. तरी शहराची तहान भागेना. तेव्हा पन्नास मैलांहून अधिक दूर, शहापूर तालुक्यात, तानसा नदीस बांध घालण्याचे ठरले. डब्ल्यू. जे. बी. क्लार्क नावाच्या अभियंत्याने तो बांधविला आणि १८९२ साली व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. लांबी सुमारे पावणेदोन मैल, घडण दगड-चुन्याची. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८९३ साली, बोरीबंदरसमोर महापालिकेची टोलेजंग इमारत पुरी झाली, तीही स्टीव्हन्स यांचीच. तिच्या शिखराखाली पंख पसरलेली एक स्त्रीमूर्ती आहे. मुंबई हे हिंदुस्थानातील पहिले नगर, अशा अर्थाचे लॅटिन ब्रीद तिच्या नावे सांगतात. एकाच संस्थेची ही दोन बांधकामे, एका वर्षाच्या अंतराने पुरी झालेली. एकाची छायाचित्रे जगभर गेली. दुसरे, ज्यांच्या घरात त्याचे पाणी येते त्यांतील हजारात एकानेही पाहिले नसेल.

आम्ही तो बांध लहानपणापासून पाहत आलो आहो. पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी पडू लागले म्हणजे भोवतालची माणसे ते पाहावयास लोटतात. पण मे महिन्यात, पाणी खाली गेलेले असताना, तो पाहावा. दगडावर दगड, आणि त्यावर दगड. सिंह नाही, वाघ नाही, पाखरू नाही. आम्हांस पुष्कळ वर्षे असे वाटे की ही अभियंत्याची शिस्त, कामापुरते काम. आता तसे वाटत नाही. नक्षी हे एक प्रकारचे बोलणे असते, आणि बोलणे ऐकणाऱ्यास उद्देशून असते. जहाजावरून येणाऱ्यास, कापसाच्या व्यापाऱ्यास, मत देणाऱ्या करदात्यास काही पटवून द्यावयाचे होते. त्यांच्याशी दगड बोलला. तानशाच्या खोऱ्यातील माणसास काहीच पटवावयाचे नव्हते. त्याच्याशी बोलण्याची गरज कोणास वाटली नाही, म्हणून तेथे दगड मुका राहिला. सत्तेचे बळ मोजावयाचे तर ते ती जेथे नटते तेथे मोजू नये असे आमचे मत झाले आहे. जेथे तिला नटण्याचे कारण उरत नाही, तेथे ती पुरती असते.

या दोन टोकांमधली एक पायरीही आमच्या तालुक्यांच्या गावी पाहावयास सापडे. जुन्या मामलेदार कचेरीस नक्षी नसे, पण जोते असे. साहेबाची खुर्ची जोत्यावर, आणि अर्ज घेऊन आलेला कूळवाडी खाली अंगणात, पागोटे हातात घेऊन उभा. दोन हात उंचीच्या त्या जोत्याने जे काम केले ते पुष्कळ मनोऱ्यांनी केले नसेल.

आता कोणी म्हणेल की हे सारे इंग्रजांचे पाप, व ते गेले. त्यास आम्ही मुरबाड तालुक्यातील वैशाखऱ्यावरून नाणेघाट चढावयास सांगू. कल्याण हे इंग्रजांच्या कितीतरी आधीचे बंदर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशाच्या माहितीपुस्तकात कल्याणचा उल्लेख आहे, आणि तो मोठा बोलका आहे. एका राजाच्या वेळी तेथे व्यापारास रीतसर मुभा होती, पण पुढे बंदर दुसऱ्याच्या हाती गेले आणि तेथे चुकून आलेले ग्रीक गलबतही पहाऱ्यात भडोचेस नेण्यात येऊ लागले, असे त्यात सांगितले आहे. या कल्याणचा माल जुन्नराकडे ज्या वाटेने जाई ती नाणेघाटाची. घाटमाथ्यावर खडकात कोरलेली लेणी आहे. तिच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा दीर्घ लेख आहे. केलेले यज्ञ आणि दिलेल्या गाई, हत्ती, घोडे व नाणी यांचा त्यात आकडेवार हिशेब आहे. मागील भिंतीवर राजघराण्यातील स्त्रीपुरुषांच्या मूर्ती होत्या, प्रत्येकीच्या वर नाव कोरलेले. मूर्ती नाहीशा झाल्या. नावे राहिली, आणि खाली काही पावलांच्या खुणा. बाहेर एक दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकीत असे लोक सांगतात.

घाट चढून दमलेल्या व्यापाऱ्यास प्रथम राजघराणे दिसावे, दानांचा हिशेब दिसावा, आणि मग जकात द्यावी लागावी, ही योजना बॅकबेवरील रांगेहून फार निराळी नाही. गाई व नाणी दिल्याचे लेखात आहे. ती कोणाच्या गोठ्यातून व कोणाच्या कनवटीतून आली ते नाही. लेणी खोदणाऱ्या पाथरवटांनी आणि बैलांमागून घाट चढणाऱ्या हमालांनी ती वाचावी, अशी कोणाची अपेक्षा नव्हती. तेव्हा बंदराने मुलखाकडे पाठ करावी ही गोष्ट इंग्रजांनी शोधून काढलेली नव्हे. त्यांनी तिला नळ आणि रूळ दिले.

सत्तेची ही पाठ ज्यांनी ओळखली असे लोकही आमच्याच डोंगरांत झाले. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधावयास घेतला, १७३७ साली मराठ्यांनी तो घेतला, १७७४ साली इंग्रजांनी. आणि पुढे त्यांनी त्याचा तुरुंग केला. सह्याद्रीच्या घाटांत बंड करणाऱ्या राघोजी भांगरे यास १८४८ साली तेथेच फाशी दिले. त्यानंतर अर्ध्या शतकाने, १८९६ साली, चाफेकर बंधूंनी मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यास डांबर फासले. तो पुतळा बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला होता, हे वर भागीदारीविषयी जे म्हटले त्यास धरूनच आहे. चाफेकरांचे धैर्य मोठे, पण त्यांचा घाव सत्तेच्या तोंडावर होता. १९४२ साली माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने पुतळ्यास हात लाविला नाही. त्यांनी डोंगरातून मुंबईस वीज नेणारे मनोरे पाडले. राज्य कशावर चालते हे त्यांस दिसले होते. गिरण्या थांबल्या तर राज्य थांबेल असा तो हिशेब होता. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी त्यांस गाठले, आणि भाई कोतवाल व हिराजी पाटील तेथे पडले. नक्षी नसलेल्या त्या लोखंडी मनोऱ्यांस वास्तू म्हणावे की नाही, याचा वाद स्थापत्यशास्त्रज्ञांनी घालावा. गोळी मात्र त्यांच्या रक्षणासाठी झाडली गेली.

मग स्वराज्य आले. बंदराच्या तोंडावरील खुणा आपण पुसावयास घेतल्या, आणि ते योग्यच झाले. १९६५ च्या सुमारास राणीचा व इतरांचे पुतळे भायखळ्याच्या संग्रहालयाच्या आवारात गेले. १९९६ साली बोरीबंदरच्या स्थानकास छत्रपतींचे नाव मिळाले. २००४ साली ते स्थानक, आणि २०१८ साली मैदानाकाठची ती गॉथिक रांग व तिच्यासमोरची नवी घरे, जागतिक वारशाच्या यादीत गेली. आम्हांस या सर्वांचा आनंदच आहे. पण पाठीचे काय झाले? वैतरणेवर मोडकसागर १९५७ साली पुरा झाला, अप्पर वैतरणा १९७३ साली, मध्य वैतरणा २०१४ साली. मधल्या काळात भातसेवर आमच्याच तालुक्यात प्रचंड धरण झाले. आज मुंबईस रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी जाते आणि त्यातील निम्म्याच्या आसपास एकट्या भातशाचे असते. याच शहापूर तालुक्यातील कित्येक गावपाड्यांस चैत्र-वैशाखात टँकरने पाणी पुरवावे लागते, ही बातमी दरसाल येते आणि दरसाल शिळी होते. तालुक्यासाठी इगतपुरीकडील भावली धरणातून पाणी आणण्याची योजना काही वर्षांमागे मंजूर झाली. ज्याच्या घरात दोन मोठ्या विहिरी आहेत त्याने शेजाऱ्याकडे घागर घेऊन जावे, तसा हा प्रकार.

येथे आम्ही स्वतःस एक प्रश्न विचारला पाहिजे, नाहीतर हे लिहिणे ढोंग ठरेल. मुंबईने पाणी पिऊ नये काय? त्या शहरात राहतात कोण? शहापूर-मुरबाडची अर्धी घरे तेथल्या पगारावर उभी राहिली. आम्ही स्वतः चार वर्षे लालबागेत एका चाळीत राहून शिकलो. पहाटे चार वाजता नळ येई. आम्ही पिंप भरीत असू, आणि नळ सुरू ठेवून दात घाशीत असू. हे पाणी आपल्या गावच्या डोंगरावरचे, हे त्या चार वर्षांत एकदाही मनात आले नाही. त्याच वर्षांत आमची आत्या, जी आटगावापलीकडील एका गावी दिली होती, उन्हाळ्यात विहिरीत उतरून खडकातल्या झिऱ्याचे पाणी वाटीने घागरीत भरीत असे. सुट्टीत गेलो म्हणजे आम्हीही उतरत असू. म्हणजे एकच मनुष्य एका महिन्यात नळाच्या टोकाशी होता आणि दुसऱ्या महिन्यात त्याच्या मुळाशी, तरी दोन्ही टोके त्याने मनात एकत्र आणली नाहीत. ज्यांनी विहीर पाहिलीच नाही अशा शहरवासीयास आम्ही कोणत्या तोंडाने दोष द्यावा?

म्हणून पाणी नेले याचा राग आमच्या मनात नाही. तहानलेल्यास पाणी देणे हा कोणत्याही शास्त्राप्रमाणे धर्म आहे, आणि खोऱ्यात पडलेला पाऊस खोऱ्याचाच, असा हट्ट आम्ही धरणार नाही. आम्हांस सलते ते एवढेच की, देणाऱ्यास कोणी मागितले नाही. मागून घेतले असते तर दिले असते, आणि दिल्याचे समाधानही मिळाले असते. न मागता नेले म्हणजे देणाऱ्याचा धर्म बुडतो, आणि घेणाऱ्यास आपण घेतले याचे भानही राहत नाही. इंग्रजास मागण्याचे कारण नव्हते. तो जिंकून बसला होता. आपणांस ते कारण आहे. यावर, आता लोकशाही आहे, तुमचाही प्रतिनिधी विधानसभेत बसतो, असे उत्तर मिळते. बसतो खरा. शहापुराचा एक आणि मुंबईचे छत्तीस. हे गणित लबाडीचे नाही, ते डोकी मोजून केलेले आहे. पण जेथे एका बाजूस नेहमीच छत्तीस आणि दुसऱ्या बाजूस एक, तेथे केवळ मोजण्याने न्याय झाला असे मानावयास आमचे मन तयार होत नाही. मोजण्याआधी मागण्याचा एक शिष्टाचार असतो, आणि तो कोणत्याही कायद्यात लिहिलेला नाही.

शिमग्यानंतर भाचा शहापुरास आला, तेव्हा आम्ही त्यास तानशाच्या बांधाकडे नेले. वाटेत नळांची ती जाड काळी रांग लागली. तिच्या कडेकडेने बराच वेळ गेल्यावर एक पाडा आला. नळ आणि पाडा यांच्यामध्ये एक शेत होते, एवढेच. टँकर येण्याची वेळ झाली असावी, कारण रस्त्याच्या कडेस हंडे आणि प्लॅस्टिकचे डबे ओळीने मांडून ठेवले होते, आणि ज्यांचे ते, त्या बाया सावलीस बसल्या होत्या. त्याने गाडी थांबवून खिशातून वही काढली. आम्हांस वाटले हंड्यांचे चित्र काढतो आहे. वहीत पाहिले तो नळाचा व्यास, टेकूंमधले अंतर आणि पाड्यातल्या पहिल्या घराचे जोते, असा आराखडा होता. त्याने नळापासून त्या घरापर्यंत पावले मोजावयास सुरुवात केली, परंतु मध्येच कुंपण लागले. तेव्हा एका म्हाताऱ्या बाईने हसून त्यास विचारले, "काय मोजतोस रे बाबा? नवा नळ टाकतात काय?" तो गोंधळला आणि आमच्याकडे पाहू लागला. आम्ही नाही म्हणून सांगितले. कुंपणास वळसा घालून जाण्याची वाट कोणती, हे तिनेच मग त्यास दाखविले.